होडीखालची खोली

"बर्फात झोपायला मी काय ससा आहे?" असं म्हणून रिस्तेनने लेकीचं आमंत्रण दर हिवाळ्यात परतवून लावलं होतं.

लेक बिरेत नदीकाठच्या बर्फाच्या हॉटेलात खोल्या कोरायची. नदी घट्ट गोठली की ते हॉटेल उभं राहायचं आणि उन्हं चढली की थेंबाथेंबाने परत नदीत जायचं. रिस्तेनला हा सगळा प्रकारच वेडगळ वाटायचा. थंडीशी तिचं जन्माचं वैर होतं. रेनडिअरच्या कळपामागे वणवण करताना तिने थंडी खाल्ली होती, ओल्या लाकडांशी झगडून चुली पेटवल्या होत्या, लेकराच्या गालांवर हिमडंख दिसला की तोंडाची वाफ देऊन ते गाल जागे केले होते. थंडीला दाराबाहेर ठेवायचं, यासाठीच तर माणूस घर बांधतो. आणि इथे जगभरची माणसं विमानं बदलत येतात ती थंडीच्याच कुशीत झोपायला!

यंदा मात्र बिरेतने फोनवर तिला चिडवलं नाही, आर्जवंही केली नाहीत. नुसती म्हणाली, "आई, या वेळी ये. निल्लामामालाही आण."

"का? कुणी मेलंबिलंय का?"

"नाही गं. ये फक्त."

लेकीच्या आवाजात काहीतरी अडकल्यासारखं होतं. रिस्तेनने फोन ठेवला, आणि संध्याकाळभर विणकाम मांडीवर तसंच राहिलं.

निल्ला तिचा धाकटा भाऊ. एकटा जीव, साठी उलटली तरी तोंडाचा पट्टा काही थांबलेला नाही. त्याच्या जुन्या खडखडत्या गाडीतून दोघं निघाली तेव्हा दुपार होती, पण त्या दिवसांत सूर्य डोंगराच्या वर येतच नाही. दुपार म्हणजे नुसतं निळं सरबत. बर्च, पाइन, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग, सगळं त्या निळाईत बुडालेलं. मध्येच रेनडिअरची एक रांग रस्ता ओलांडून गेली, आवाज न करता, झोपेतून झोपेत जावी तशी.

"ताई, तिकडे उशी बर्फाची असते म्हणतात," निल्ला म्हणाला. "सकाळी कान उशीलाच चिकटून राहतात. घरी येताना माणूस बहिरा येतो."

"तू बहिरा झालास तरी काय, मुका झालास तर देवाची कृपा."

हॉटेलच्या दाराशी बिरेत उभी होती. टोपीखालून सुटलेल्या बटांवर दहिवर गोठलेलं. आईला तिने मिठी मारली, ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. आतल्या लाकडी घरात एका हसऱ्या मुलीने पाहुण्यांना द्यायचे जाडजूड बूट रिस्तेनपुढे ठेवले. रिस्तेनने आपल्या पायांकडे बोट दाखवलं. रेनडिअरच्या कातड्याचे जोडे, आत वाळलेलं गवत ठासून भरलेलं.

"हे माझ्या आईने शिकवलेत भरायला," ती म्हणाली. "मला थंडी शिकवू नकोस, बाळ."

मग तिघं बर्फात शिरली.

दार रेनडिअरच्या कातड्याने मढवलेलं होतं. ते मागे मिटलं, आणि जगाचा आवाजच बंद झाला. रिस्तेन थबकली. रानातली शांतता तिला ठाऊक होती. त्या शांततेत वारा असतो, फांदी मोडते, कुत्रं श्वास घेतं. ही शांतता निराळी होती. भिंती आवाज पिऊन टाकत होत्या. निल्लाने "हो हो हो!" करून आरोळी दिली, तर ती त्याच्या तोंडापुढेच पडली, पिसासारखी. तो चक्क गप्प बसला.

लांबलचक दालनाच्या दोन्ही बाजूंना नितळ बर्फाचे खांब होते, आणि त्यांच्या पोटात कुठेतरी दिवे. प्रकाश पांढरा नव्हता, निळाही नव्हता. बर्फाच्या जाडीतून गाळून यायचा आणि माणसाच्या चेहऱ्यावरची वयं पुसून टाकायचा. बिरेत पुढे चालली होती. एका खोलीत घुबडं होती, पंख पसरलेली. एकीत कुणी आभाळाएवढी कोबीची पानं कोरली होती. एका खोलीत एक माणूस भिंतीवरून चक्क इस्त्री फिरवत होता.

"हे काय?" रिस्तेनने विचारलं.

"बर्फ गुळगुळीत होतो त्याने. दोन तुकडे जोडायलाही इस्त्रीच. कडा वितळल्या की लगेच टेकवायच्या."

"वा!" निल्लाला कंठ फुटला. "घरी हिने कधी सदऱ्याला इस्त्री केलेली नाही, आणि इथे भिंतींचे लाड बघा!"

बिरेत हसली नाही. रिस्तेनने ते टिपलं. दालनाच्या शेवटी एक पडदा होता. बिरेत बाजूला झाली. "आई, तू आधी."

रिस्तेनने पडदा सारला.

आधी काहीच कळलं नाही. खोली मोठी होती, आणि तिच्या भिंती इतक्या नितळ की त्या आहेत की नाहीत समजेना. त्या नितळ भिंतींच्या आत झाडं होती. बर्चची झाडं, वाकडी, बारीक, आणि प्रत्येकाला पानं. भर हिवाळ्यात पानं! सगळी एकाच दिशेला कललेली, हलक्या ओढीत हलत असावीत तशी. मधोमध मातीच्या खोपेचा सांगाडा होता, चार वाकड्या खांबांचा, एक बाजू उघडी. आत दगडांची गोल चूल, आणि चुलीशेजारी पाहुण्यांसाठी पलंग, त्यावर रेनडिअरची कातडी. सगळं बर्फाचं. रिस्तेनने मान वर केली.

छतात एक होडी होती. खालून दिसणारी. तिचा पोटाकडचा कणा, फळ्यांच्या जोडरेषा, दोन्ही बाजूंना वल्ह्यांची पाती, आणि भोवती पाण्याच्या पृष्ठभागावर उठणारी वर्तुळं.

आपण कुठे उभ्या आहोत ते तिला कळलं होतं. ती तळ्याच्या तळाशी उभी होती, आपल्या आईच्या घरात.

तेवढ्यात कुणीतरी खळखळून हसलं. खोपेत चुलीच्या पलीकडे एक पाहुणा मांडी घालून बसला होता आणि त्याची बायको फोटो काढत होती. चुलीमागची ती जागा म्हणजे घराचा देव्हारा. तिथे आईची भांडी असायची, तिथल्या मागच्या छोट्या दारातून मांस आत यायचं, तिथे घरातलं पोरसुद्धा पाय टाकायचं नाही.

"ऊठ तिथून!" रिस्तेन आपल्या भाषेत ओरडली. "ऊठ म्हणते ना!"

त्या भल्या माणसाला काय कळणार? तो उठला, हसला, आणि तिलाच तिथे बसण्याची खूण करून तिचा फोटो काढायला बायकोकडे कॅमेऱ्यासाठी हात पुढे करू लागला. रिस्तेनने लेकीकडे पाहिलं. एकच क्षण. मग पडदा भिरकावून ती दालनातून चालू लागली, खांब, घुबडं, कोबी सगळं मागे टाकत.

लाकडी घरातल्या शेगडीजवळ बिरेतने तिला गाठलं. रिस्तेन जोडे न काढताच बाकावर बसली होती.

"कुणी सांगितलं तुला?" तिने विचारलं. "ती झाडं, ते पाणी, कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी? मी कुण्णाकुण्णाला सांगितलेलं नाही. तुझ्या बापालासुद्धा नाही."

"मी लहान होते, आई. तापाने फणफणले होते. तू कपाळावर ओला फडका ठेवत होतीस आणि आपल्याशीच बोलत होतीस. पाण्याखाली बर्च उभे होते, पानांसकट, म्हणालीस. आम्ही वरून होडीतून गेलो, म्हणालीस. मी डोळे मिटून ऐकत होते. तेवढंच मला माहीत आहे. बाकीचं मी माझ्या मनाने केलं."

रिस्तेनला तो ताप आठवत होता, ते बोलणं आठवत नव्हतं.

पण ती दुपार मात्र कालची असावी तशी समोर होती. वसंतात जंगलातला मुक्काम आटोपून सगळी मंडळी तळ्याकाठच्या घराकडे परतली होती, आणि तळं त्यांच्या आधीच घरी पोचलं होतं. खालच्या अंगाला धरणाची भिंत वाढवली होती. सांगायला कुणी आलं नव्हतं. बाबांनी न बोलता होडी काढली. पाणी काचेसारखं होतं. खाली बर्चना नुकती पालवी फुटली होती, आणि ती पाण्यात हळूहळू हलत होती. मग खोपेचं छप्पर दिसलं, मातीचं, वर गवत. आई म्हणाली, "बघू नका रे." रिस्तेनने बघितलं. हनुवटी होडीच्या काठावर टेकून ती बघत राहिली, छप्पर मागे जाईपर्यंत.

"आणि तू ते मांडून ठेवलंस," ती बिरेतला म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला लोळायला. माझ्या आईच्या चुलीमागे बसून लोक दात काढतायत."

बिरेतचे डोळे भरले. "मला चुलीमागचं माहीत नव्हतं गं. तू कधी सांगितलंच नाहीस, मग मला कळणार कसं? मला वाटलं, ते घर पाण्याने नेलं, तर पाण्यातूनच परत काढावं. एक हिवाळाभर तरी."

शेगडीत लाकूड तडकलं.

एवढ्यात दार उघडून निल्ला आत आला. इतका वेळ तो कुठे होता हे दोघींच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने टोपी काढून हातात धरली होती, आणि त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. रिस्तेनने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, आईच्या मातीच्या दिवशीसुद्धा नाही.

"ताई," तो म्हणाला, "मी कुठे झोपायचो?"

"काय?"

"त्या घरात. मी कुठे झोपायचो? मी तिथे उभा राहून बघितलं, पण मला काहीच उमगेना. पलंग आहे तिथे, की दुसरीकडे?"

"तू तान्हा होतास रे."

"तेच तर. तुम्ही सगळी त्या होडीतून खाली बघत होतात. मला कुणी उचलून दाखवलंच नाही." तो बाकाच्या टोकाला बसला. "तुम्ही तिघंही जन्मभर अशी गप्प व्हायचात, मध्येच, जेवताना, वाटेत. मला कळायचं, आता ही तिथे गेली. मला मात्र तिथे जाता यायचं नाही. म्हणून मी आपली बडबड करायचो. शांत बसलं की वाटायचं, घराबाहेर एकटा उभा आहे."

रिस्तेन त्याच्याकडे बघतच राहिली. ती उगाच समजत आली होती की निल्ला सुटला. ज्याला आठवतच नाही त्याला काय दुखायचं? उलट कधी कधी तिला त्याचा हेवा वाटला होता. ते घर तिने आपल्यापाशीच मिटून ठेवलं होतं, आणि दाराबाहेर कोण उभं आहे हे कधी वाकून पाहिलं नव्हतं.

ती उठली. "चल."

"कुठे?"

"कुठे काय? घरी. तुझी जागा दाखवते. आणि तू गं," ती बिरेतला म्हणाली, "तुझी ती इस्त्री घे बरोबर."

संध्याकाळ झाली होती. नुसतं बघायला आलेली माणसं परतली होती, दालन रिकामं होतं. खोलीत शिरल्यावर रिस्तेन आधी खोपेच्या उघड्या बाजूला गेली. "दार इथे नव्हतं. पाण्याकडे होतं, त्या भिंतीला. बाबा म्हणायचे, तळ्याला पाठ दाखवून बसू नये. असो, आता भिंत काही हलत नाही. राहू दे." मग तिने खोपेत पाऊल टाकलं, नेहमी टाकावं तसं, आधी उजवं. "इथे आई. तिच्या पायाशी मी. पलीकडे बाबा, आणि पाहुणा आला तर तोही बाबांच्या बाजूला. कुत्री दाराशी."

"आणि मी?"

रिस्तेनने हात वर करून खांबांच्या आडव्या दांड्याला बोट लावलं. "इथे. तुझा पाळणा इथे टांगलेला असायचा, आईच्या डोक्यावर. रडलास की ती पडल्यापडल्या हाताने झोका द्यायची. तू फार रडायचास, मेल्या. तोंड तेव्हापासूनच चालू."

निल्लाने मान वर केली. त्या दांड्याकडे तो असा बघत राहिला, जणू तिथे खरंच काही लोंबत होतं. मग त्याने हात पुढे करून हवेत जरासा झोका दिला. कुणी हसलं नाही.

बिरेतने बाहेरून नितळ बर्फाचा एक लांब ओंडका ओढत आणला. तो चुलीमागे आडवा बसवायचा होता, घरात असायचा तसा, म्हणजे त्या जागी कुणाचा पाय पडणार नाही. रिस्तेनने एक टोक धरलं, निल्लाने दुसरं. बिरेतने ओंडक्याच्या बुडावरून इस्त्री फिरवली. पाणी सुटलं, थेंब चमकले. "आता!" ती म्हणाली, आणि तिघांनी मिळून तो टेकवला. क्षणात पाणी पुन्हा गोठलं. ओंडका जणू तिथेच उगवला होता.

"जरा डावीकडे हवा होता," रिस्तेन म्हणाली.

"आई!"

"बरं बाई, बरं. आहे तो छान आहे."

त्या रात्री खोली त्यांचीच होती. बिरेतने ती आधीच राखून ठेवली होती. जाड कातड्यांवर झोपायच्या पिशव्या पसरून तिघं एका ओळीत आडवी झाली, मध्ये रिस्तेन. नाकाला गारवा लागत होता, अंगात ऊब होती. रिस्तेनला वाटलं होतं झोप येणार नाही. ती होडीच्या पोटाकडे बघत पडली. बर्फातला प्रकाश हळूहळू मंद झाला, आणि वर्तुळं पसरू लागली, एकातून एक.

स्वप्न कुठे सुरू झालं ते तिला कळलं नाही, कारण स्वप्नातही ती तिथेच पडली होती. फक्त पाणी आता पाणी होतं. गार नव्हतं. बर्चची पानं हलत होती, त्यांच्यामधून छोटे मासे जात होते, आणि खोपेच्या धुराड्यातून धुराऐवजी बुडबुड्यांची माळ वर चालली होती. वर होडी आली. वल्ह्यांनी पाणी कापल्याचा आवाज तिला पोटात जाणवला. मग होडीच्या काठावर चेहरे दिसले. बाबा, समोर बघणारे. एक मुलगी, हनुवटी काठावर टेकलेली. रिस्तेनने त्या मुलीला हात केला. खाली काही दुखत नाही गं, तिला सांगायचं होतं, चूल आहे, सगळं जागच्या जागी आहे. मुलीला ती दिसली नाही. तेव्हा आई वाकली. तिच्या हातात एक गाठोडं होतं, कातड्यात गुंडाळलेलं. तिने ते दोन्ही हातांनी काठाबाहेर धरलं, अगदी पाण्याला टेकेलसं, आणि गाठोड्यातला गोल चेहरा खाली बघू लागला. बराच वेळ बघत राहिला. होडी थांबली होती. कुणाला घाई नव्हती.

कोणीतरी खांद्याला हात लावला तेव्हा सकाळ झाली होती. हॉटेलची मुलगी लाल बेरीचं गरम सरबत घेऊन उभी होती. निल्ला आधीच जागा होऊन बसला होता, पिशवी खांद्यापर्यंत ओढून, केस उभे. कान जागेवर होते. त्याने वाफाळता पेला हातात घेतला आणि पिता पिता तो वरच्या दांड्याकडे बघत होता. बिरेत आईच्या पाठीला चिकटून अजून झोपली होती, लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून.

रिस्तेनने स्वप्न सांगितलं. सगळं सांगितलं, गाठोड्यासकट. निल्लाने ऐकून घेतलं, आणि पेला रिकामा होऊनही तो तोंडाशी धरून बसला.

पुढे हिवाळा सरत आला. उन्हं परतली, बर्फावर कडक साय धरली. त्या दिवसांत धरणाचं पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं; दूरच्या शहरांचे दिवे हिवाळाभर ते पीत असतात. तळ्यावरचा बर्फ आधार सुटून खाली बसतो, काठावर मोठमोठ्या लाद्यांनी फुटतो. अशा एका सकाळी रिस्तेनने स्वतः फोन केला, आणि तिघं दोन बर्फस्कूटरवरून तळ्याकडे निघाली. इतक्या वर्षांत ती त्या काठाला फिरकली नव्हती.

खोप दिसली नाही. ती फार खोल होती, पाणी तिथवर कधीच उतरत नसे. पण वरच्या उतारावर, फुटलेल्या लाद्यांच्या मधून, काळी खुंटं डोकावत होती. बर्चची. साल केव्हाच गेलेली, लाकूड मात्र शिंगासारखं टणक. निल्ला एकेका खुंटाशी जाऊन हात लावत होता. खालून अधूनमधून बर्फ कण्हायचा, लांब, खोल, झोपेत कूस बदलणाऱ्या जनावरासारखा.

"ताई, यातलं कुठलं झाड तुला आठवतं?"

रिस्तेनने इकडेतिकडे पाहिलं. उतार ओळखीचा होता आणि नव्हताही. खुंटं सगळी सारखी होती. मग ती ठामपणे चालत एका खुंटापाशी गेली आणि त्यावर हात ठेवला.

"हे. यावर आई शेवाळ वाळत घालायची."

"कसलं शेवाळ?"

"तुझ्या पाळण्यात तुझ्या ढुंगणाखाली घालायचं. दुसरं कसलं? रोज नवीन लागायचं. सगळं झाड भरून जायचं, लांबून बघितलं तर वाटायचं झाडाला दाढी आलीय."

बिरेतने आईकडे रोखून पाहिलं. रिस्तेनने पापणीही हलवली नाही.

निल्ला त्या खुंटाला वळसा घालून आला. मग तो हसायला लागला, आधी हळू, मग पोट धरून, आणि तळ्यावरून, फुटलेल्या लाद्यांवरून ते हसणं दूर पलीकडच्या काठापर्यंत गेलं आणि परत आलं.

"म्हणजे माझं झाड!" तो म्हणाला. "अख्खं झाड माझं!"

"तुझंच. दुसरं कोण एवढं मुतत होतं घरात?"